लिंबायतहून निघा, पण वेळ पाहून

सुरतेत चांगला लोचो कुठे मिळतो, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, किती वाजता खाणार? लोचो म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं सैल पीठ वाफवून, पुरतं घट्ट व्हायच्या आत काढलेलं. वरून तेल किंवा लोणी, मसाला, शेव, कांदा आणि हिरवी चटणी. घाणा उतरल्याबरोबर खाल्ला तर तो जिभेवर विरघळतो, आणि अर्ध्या तासानं त्याचाच गोळा होऊन बसतो. नावाजलेल्या दुकानात अकरा वाजता जाऊन तळातला लोचो खाण्यापेक्षा आपल्या कोपऱ्यावरच्या लारीवर सकाळी साडेसातला खाल्लेला बरा. सुरतेतल्या आणि सुरतेभोवतीच्या बहुतेक खाण्याला हेच लागू आहे. इथे पत्ता सांगणारे पुष्कळ भेटतात. पदार्थाचा महिना कोणता आणि दिवसातली वेळ कोणती, हे मात्र फार थोडे सांगतात.

लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं राहतात. लूमच्या खात्यात, मार्केटमध्ये किंवा रिक्षावर काम, आठवड्याला एक सुट्टी, घरात एक दुचाकी आणि फार तर एखादी जुनी गाडी. सुट्टी मिळाली की आपण झोप काढतो आणि लग्नकार्य आलं की थेट गाव गाठतो. मधे जे शहर आणि जो रस्ता आहे, तो नुसता खिडकीतून जातो. अशा घरांसाठी हे लिहिते आहे. खर्च बेताचा असावा, लेकरांना बरोबर नेता यावं आणि संध्याकाळी घरी परतता यावं, एवढं धरून.

सुरुवात घराजवळून करा. लिंबायतचं घड्याळ पाळीवर चालतं. लूमची पाळी बारा तासांची, सकाळी आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला बदलते. रात्रपाळी सुटते आणि दिवसपाळी आत शिरते, त्या तास-दीड तासात नाश्त्याच्या लाऱ्यांवर जेवढा खप होतो तेवढा दिवसभर होत नाही. पोहे सतत नव्यानं परतले जातात, कढईतलं तेलही सकाळचंच असतं. रात्रभर उभं राहून आलेला माणूस शिळं खपवून घेत नाही, म्हणून त्या वेळची लारी डोळे झाकून निवडावी. दहा वाजता तीच लारी उरलेल्या मालावर चालू असते.

खानदेशी खानावळींचंही असंच. शेवभाजी सगळीकडे, सगळ्या वेळी मिळते. तिच्यावरून खानावळ पारखू नका. पाटीवर नसलेलं काय आहे ते विचारा. ‘भाऊ, आज काय शे?’ एवढं म्हटलं तरी आतून खरं उत्तर येतं. कधी पाटोडीची भाजी असते, कधी डुबुकवडे, तर कधी कढी आणि फुनके. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी हटकून असते, पण भाकरी दुपारी बाराच्या आसपास थापली जाते. तीन वाजता गेलात तर गार भाकरी गरम करून मिळेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती मोठी, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी हिवाळ्यात गावाकडून गाड्यांतून इथे पोचतात. ती दिसली की घ्या, भरीत घरी भाजा, आणि पातीचा कांदा तेलात फार वेळ ठेवू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांत रोट होतात. हे विकत मिळणारं खाणं नव्हे. शेजारी बोलावतील, तेव्हा सुरतेत जन्मलेल्या मुलांना आवर्जून न्या.

लिंबायतमधून पश्चिमेला, म्हणजे रिंगरोड आणि जुन्या सुरतेकडे जायचं तर मुंबईची रेल्वेलाइन ओलांडावी लागते. पावसाळ्यात गरनाळ्यात, म्हणजे लाइनीखालून जाणाऱ्या रस्त्यात, पाणी साचतं आणि मिठी खाडीही भरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत निघण्याआधी पलीकडे राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून पाण्याची चौकशी करावी. पाणी किती आहे ते दिसत नसेल तर दुचाकी आत घालूच नये. शंभर रुपयांच्या नाश्त्यापायी इंजिन बसतं. हेल्मेटबाबत सुरतेचे पोलीस आता कडक आहेत. मागे बसणाऱ्यालाही ते असू द्या.

जुन्या सुरतेत मी दोन गोष्टींसाठी वेळ काढायला सांगेन. पहिली नानखटाई. सतराव्या शतकात डचांची वखार सुरतेत होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या पुढे पारशी कुटुंबाच्या हाती आल्या. दोटीवाला हे नाव त्या परंपरेतलं. नानखटाई, जिऱ्याची बिस्किटं आणि कुरकुरीत सुरती बटर गावी न्यायला सोयीचे, कारण टिकतात. दुसरी गोष्ट रांदेरची. तापीच्या पलीकडचं हे जुनं बंदर. इथले व्यापारी रंगूनला ये-जा करत, तिथून नूडल्स आणि नारळाच्या रशाचा पदार्थ घेऊन आले आणि तो इथे खावसा झाला. आलूपुरीचं मूळ ठिकाणही रांदेरच मानतात: बोटभर रुंदीच्या मऊ पुऱ्या, वर रगडा, आमसुलाची चटणी, कांदा आणि शेव. हे सगळं संध्याकाळनंतरचं खाणं आहे, आणि रमजानमध्ये रात्री तिथल्या रस्त्यावर उभं राहायला जागा नसते. त्या दिवसांत गाडी नेऊ नका. अडाजणकडे लावून चालत जा किंवा रिक्षा करा.

आता हिवाळा, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने सुरतेभोवतीचा प्रदेश जे खायला घालतो, ते वर्षभर कुठेही मिळत नाही.

पोंक म्हणजे आपला हुरडा, पण हाताळणी वेगळी. वानी नावाच्या कोवळ्या ज्वारीची कणसं भट्टीत भाजतात, गरम असतानाच झोडपून दाणे सुटे करतात आणि पाखडतात. आपण शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणीस भाजून तळहातावर चोळतो, तिळाच्या चटणीबरोबर खातो. सुरतकर त्यात लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे घालतो, वर ताक पितो. सीझनला अडाजणच्या बाजूला, तापीच्या पुलाजवळ पोंकाचे स्टॉल लागतात. घेताना तीन गोष्टी बघा. दाणा हिरवा असावा, पिवळसर झाला की जून किंवा शिळा. चिमटीत दाबला की दूध सुटायला हवं. आणि नाकाजवळ नेला की धुराचा वास यायला हवा; वास नसेल तर माल सकाळचा आहे. थोडा घ्या, त्याच दिवशी संपवा. गरम पोंक प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नेला तर घरी पोचेपर्यंत घामेजतो, म्हणून कापडात किंवा कागदात मागा. पोंकाचे वडे तिथेच तळून मिळतात, तेही उभ्याउभ्या खायचे.

उंबाडियूसाठी मात्र गाडी काढावी लागते. नवसारीच्या पुढे, वलसाडकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला, विशेषतः डुंगरीच्या आसपास, थंडीत उलटी मडकी आणि त्यांच्याभोवती जाळ दिसायला लागतो. मडक्यात पापडी, बटाटे, रताळी, कंद, वर हिरव्या लसणाचा मसाला, आणि तळाशी व तोंडाशी रानपाला कोंबलेला. तेल नाही, पाणीही नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. रायगडची पोपटी खाल्लेल्या माणसाला हा पदार्थ लगेच ओळखीचा वाटेल. तिथे भांबुर्डीचा पाला असतो. नियम एकच: मडकं तुमच्यासमोर फोडलं-उपडलं जाईल त्याच ठिकाणी थांबा. परातीत काढून झाकून ठेवलेलं घेऊ नका. सकाळी दहा-अकराला आणि दुपारी चारनंतर मडकी उतरतात. मधल्या वेळेत गेलात तर पुढच्या मडक्याची वाट पाहायची तयारी ठेवा. महामार्गावर स्टॉल डाव्या हाताला असेल तरच थांबावं. पलीकडचा चांगला दिसतो म्हणून दुभाजकातून दुचाकी घालणारे दर हिवाळ्यात दिसतात, आणि मागून येणाऱ्या ट्रेलरला थांबायला जागा नसते.

त्याच रस्त्यावर नवसारीला थोडा वेळ द्या. 1885 पासून तिथे कोलाह या पारशी घराण्याचा उसाचा सिरका आणि लोणची बनतात. सिरक्याची एक बाटली घरी असली की कांदा-काकडीला वर्षभर पुरते. नवसारीहून दांडी जवळ आहे. 1930 साली गांधीजींनी जिथे मीठ उचललं, तिथे 2019 मध्ये मोठं स्मारक झालं आहे. मुलांना ते दाखवून परत या.

उत्तरायणाच्या दिवसांत, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला, सुरतेत उंधियूसाठी पहाटेपासून रांगा लागतात. कतारगामची पापडी, छोटी वांगी, जांभळा कंद, मेथीची मुठियं, ओला नारळ आणि हिरवा लसूण. त्या दिवशीच्या विकतच्यापेक्षा आदल्या आठवड्यात घरी केलेलं उंधियू चांगलं होतं, कारण पापडी तेव्हा स्वस्त आणि निवडून मिळते. पुणा-कुंभारिया रस्त्यावरचं बाजार समितीचं सरदार मार्केट आपल्याला जवळच आहे, सकाळी लवकर जा. आणि जानेवारीभर दुचाकीच्या हँडलवर पतंगाच्या दोऱ्यापासून वाचवणारी तार बसवून घ्या, गळ्याला जाड रुमाल गुंडाळा. मांज्यानं गळे कापले जातात. सणाच्या दोन दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकीला बंदी असते. ती पाळा, खालून जा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये ओलपाड-हजिऱ्याच्या रस्त्यांवर गलेली, म्हणजे ताडगोळे, सोललेले आणि न सोललेले असे दोन्ही विकायला असतात. न सोललेले घ्या. समोर सोलून मागा. आखाजीला खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस घरोघरी असतोच. पावसाळ्यात जुन्या सुरतेत सरसिया खाजा मिळतो, मिऱ्याचा आणि मोहरीच्या तेलाचा, झणझणीत. डुमसला टोमॅटोची भजी खायला सगळं शहर लोटतं: टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरवी चटणी थापून बेसनात तळलेली. आतला टोमॅटो उकळता असतो, लेकरांना लगेच देऊ नका. डुमसच्या काळ्या वाळूत गाडी अजिबात उतरवू नका. भरती आली की चाकं रुततात, आणि किनाऱ्यावर वाहन नेणं हा गुन्हाही आहे. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडवो. त्या दिवशी घारी आणि बरोबर तिखट भुसूं. तुपात बुडालेली ती मिठाई एक घेऊन चौघांत वाटा.

आता पूर्वेचा रस्ता. आपण सगळे तो हजारदा केलेला: कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. जुना सहा नंबरचा हायवे, आता राष्ट्रीय महामार्ग 53. रात्री दहाला खासगी बसमध्ये बसायचं, कुठल्यातरी हॉटेलवर बस थांबेल तिथे महाग आणि बेचव खायचं, पहाटे गाव. हाच रस्ता एकदा दिवसा, स्वतःच्या गाडीनं, थांबत थांबत करून बघा.

कुठे थांबायचं हे नंबरप्लेट सांगतात. व्यारा-सोनगडच्या टप्प्यात एखाद्या हॉटेलसमोर जीजे-26 च्या मोटारसायकली उभ्या असतील, तर तिथे तापी जिल्ह्यातली माणसं रोज जेवतात. फक्त बस आणि जीजे-05 च्या मोटारी असतील, तर ते हॉटेल पुन्हा कधी न येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतं. दुपारी बारा ते एक ही वेळ हे बघण्यासाठी सगळ्यात खात्रीची.

कडोदऱ्याच्या चाररस्त्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग छेदतो. तिथली कोंडी सकाळी सातच्या आत टळते. पुढे बारडोली, सुरतेपासून सुमारे पस्तीस किलोमीटर. 1928 चा सत्याग्रह इथला. स्वराज आश्रम बघण्यासारखा आहे आणि तिथे गर्दी नसते. नाश्ता मात्र बारडोलीत आटोपशीर करा, कारण थोडं आत मढी आहे आणि मढीची खमणी सोडण्यासारखी नाही. खमण चुरून, लसूण आणि फोडणी देऊन, वर भरपूर शेव. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी उधन्याहून तापी लाइनची लोकल-पॅसेंजर धरावी. मढी स्टेशन याच लाइनवर आहे. गाडीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि परतीची गाडी आधी ठरवा.

व्यारापासून भाषा बदलते, रान सुरू होतं. इथून उजवीकडे उनाई आणि वांसद्याकडे वळलात तर आदिवासी महिलांच्या गटांनी चालवलेली ‘नाहरी’ उपाहारगृहं भेटतात. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, बांबूचं लोणचं, मिरचीची चटणी आणि रानातली त्या त्या वेळची भाजी. खानदेशातल्या माणसाला उडदाची डाळ आणि भाकरी नवी नाही, पण नागलीची भाकरी इथे ज्या हातानं थापली जाते ती खाऊनच बघावी. पावसाळ्यात रानभाज्या मिळतात, म्हणून मी जुलै-ऑगस्ट सुचवते. माणशी एक ताट असं मागा आणि पोचण्याआधी फोन लागला तर कळवा. स्वयंपाक मापात होतो, दोननंतर संपलेला असतो. उनाईला गरम पाण्याचे झरे आहेत, जेवणाआधी जाऊन या.

सरळ गेलात तर सोनगड. डोंगरावरचा किल्ला पिलाजी गायकवाडांचा, बडोद्याच्या आधी गायकवाडांची गादी इथे होती. मराठी माणसानं या रस्त्यावर थांबण्याचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, आणि आपल्यातले बहुतेक त्याच्या पायथ्यावरून झोपेत जातात. थंडीत सकाळी चढा, पाणी बरोबर ठेवा. जवळ उकाई धरण आहे.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. फलाटावरच्या बाकावर सीमा रंगवलेली आहे. मुलं एकेका राज्यात बसून फोटो काढतात. नवापूरच्या तूरडाळीलाही मानांकन आहे, ती दोन-चार किलो घ्या. वरण-बट्टीसाठी हीच डाळ वापरून बघा. डिसेंबर-जानेवारीत पुढे विसरवाडीहून नंदुरबारकडे वळलात तर शहराच्या बाहेर वाळवणाच्या पथाऱ्यांवर लाल मिरच्यांचे गालिचे पसरलेले दिसतात. वर्षाच्या तिखटाची मिरची तिथून घ्यावी, पण काचा बंद ठेवून थांबा, नाहीतर लहान मुलं खोकून बेजार होतात.

पेट्रोल मात्र सीमेच्या अलीकडेच भरा, महाराष्ट्रात लिटरमागे चांगलंच महाग पडतं. सीएनजीची गाडी असेल तर सुरतेतून निघतानाच टाकी भरा आणि पुढे पंप मिळेलच असं धरू नका. परतताना गाडीत दारूची बाटली नको. गुजरातेत दारूबंदी आहे, सीमेवर तपासणी होते, आणि एका बाटलीपायी सगळं कुटुंब पोलीस चौकीत बसतं. धुळ्याकडे जाणाऱ्यांनी कोंडाईबारीचा घाट अंधारात ओलांडायचं टाळावं.

नोव्हेंबर ते मार्च हा या पट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम. बारडोली, चलथाण, मढी, महुवा इथल्या साखर कारखान्यांकडे उसानं भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालू असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दोन हात आलेला असतो. गाड्यांवरची माणसं बहुधा डांग-नंदुरबारकडचीच, कोयता घेऊन आलेली. दिवसभर तोड करून थकलेली असतात. त्यांना हॉर्न मारत मागे लागू नका, अंतर ठेवा. परतीला नवापूरहून दुपारी तीनच्या आत निघालात तर अंधार पडायच्या आधी कडोदरा ओलांडता येतं. उशीर झालाच तर व्याऱ्यात जेवून घ्या, ट्रकच्या मागे सावकाश या, आणि घरी फोन करून सांगा की झोपा, आम्ही पोचतो.